मनोरुग्णालयातून सुटी मिळते आहे, पण भावाने राहायचे कुठे?

प्रश्न
माझा थोरला भाऊ स्किझोफ्रेनियामुळे गेली अकरा वर्षे एका सरकारी मनोरुग्णालयात आहे. दोन वर्षांपासून त्याचा आजार आटोक्यात असून, आता त्याला घरी न्यावे, असे डॉक्टर सांगतात. आई-वडील हयात नाहीत. माझ्या सासरी दोन खोल्यांत पाच माणसे राहतात, आणि खरे सांगायचे तर तो इथे आला तर आठवडाभरात सगळ्यांची, त्याचीही, ओढाताण होईल. अशा व्यक्तींना वस्तीतच आधार देऊन ठेवणारी घरे असतात, असे ऐकले आहे. ती मिळवायची कशी?

प्रतिसाद १
ताई, मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यातील कलम १९ आधी वाचावे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, राहायला घर नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणावरून कोणालाही रुग्णालयात ठेवून घेऊ नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे, आणि हाफवे होम (रुग्णालय आणि घर यांच्या मधल्या टप्प्यातले निवासस्थान), ग्रुप होम (काही जणांनी मिळून राहण्याचे घर) अशा सोयी उभारण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. कायदा २०१८ पासून लागू आहे. घरे मात्र त्या मानाने फारच थोडी झाली. तरीही मागणी तोंडी करू नये. रुग्णालयातील समाजसेवा विभागाकडे लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. दाद न लागल्यास याच कायद्याखाली तक्रारी ऐकणाऱ्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जाता येते, आणि त्यासाठी भावाला मोफत कायदेशीर मदतीचाही हक्क आहे. एक विचारतो, राग नसावा: आई-वडिलांच्या घराचे काय झाले? त्याच कलमात कुटुंबाच्या घरात राहण्याच्या हक्काचाही उल्लेख आहे.

प्रतिसाद २
मी अशा एका घरात चार वर्षे काम केले आहे. चेन्नईच्या 'द बॅनियन' संस्थेच्या 'होम अगेन' उपक्रमात चार-पाच जण वस्तीतल्या भाड्याच्या घरात एकत्र राहतात आणि मदतीला कर्मचारी असतात. आमचेही साधारण तसेच होते. आमच्याकडे आलेल्या एका काकांना पहिल्या दिवशी चहात साखर किती घालू, असे विचारले, तर ते बराच वेळ गप्प राहिले. वॉर्डात सगळ्यांचा चहा एकाच पातेल्यातून येत असे. हा प्रश्न त्यांना वर्षानुवर्षे कोणी विचारलाच नव्हता. म्हणून घर पाहायला जाल तेव्हा रंगरंगोटीपेक्षा दाराची किल्ली कोणाकडे असते, बाजारात कोण जाते, हे पाहावे. नाव घराचे आणि कारभार वॉर्डाचा, अशाही जागा आहेत. आणि भावाला काय हवे, ते तुम्ही कुठेच लिहिलेले नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर
दोघांचेही आभार. आई-वडिलांची चाळीतली खोली आम्ही भाड्याने दिली आहे. करार मार्चमध्ये संपतो, आणि त्या भाड्यातून भावाच्या नावे आजवर काहीच बाजूला काढलेले नाही. रविवारी भेटीची वेळ आहे, तेव्हा खोलीचे त्याला सांगते आणि कुठे राहायचे, हेही त्यालाच विचारते. अर्ज सोमवारी देईन.