सभेचे चित्रीकरण मध्येच थांबते, याबाबत

ब-३०४: नमस्कार. सोसायटीच्या पानावरील वार्षिक सभेचे चित्रीकरण, मी इतिवृत्त वाचण्यासाठी मोबाइलवर पान खाली सरकवताच थांबते. दुरुस्ती निधीची चर्चा सलग पाहता येऊ नये, अशी ही व्यवस्था आहे का, याचा खुलासा समितीने करावा.

सचिव: साहेब, प्रत्येक गोष्टीत समितीचा हेतू शोधू नये, ही नम्र विनंती.

ड-२०१: काका, यात समितीचा हात नाही. ते चित्रीकरण आवाज बंद ठेवून आपोआप सुरू होते, आणि असा व्हिडिओ पडद्याबाहेर गेला की मोबाइलचा ब्राउझर तो स्वतःच थांबवतो. आयफोनवरील सफारीने २०१६ मध्ये अशा व्हिडिओंना आपोआप चालण्याची मुभा दिली, तीच मुळी या अटीवर. कोणी पाहतच नसेल, तर व्हिडिओ डीकोड करण्यात, म्हणजे साठवलेल्या माहितीतून चित्र उलगडण्यात, बॅटरी कशाला खर्चायची? आपण स्वतः प्ले दाबून आवाजासह लावून पाहावे.

क-१०५: पान खाली नेताना फोटो उशिरा येतात आणि वाचत असलेली ओळ एकदम खाली ढकलली जाते. याकडे कोणी लक्ष देईल का?

अ-४०२: नजरेआड होताच काम थांबवण्याची ही पद्धत आपल्या पंप दुरुस्त करणाऱ्यांनी फार पूर्वीच स्वीकारली आहे.

सचिव: पंपाचा विषय येथे नको.

ब-३०४: मग संगणकावर दुसरा टॅब उघडला, तरी सभेचा आवाज कसा ऐकू येतो?

ड-२०१: आवाज चालू राहतो, पण क्रोम आणि फायरफॉक्स मागच्या टॅबमधील चित्र डीकोड करणे बऱ्याचदा थांबवतात; आपण परतलो की चित्र पुन्हा आवाजाला गाठते. आवाज नसलेल्या टॅबवर तर अधिक कडक बंधने आहेत. २०२१ मधील क्रोम ८८ पासून, पाच मिनिटांहून अधिक काळ लपलेल्या अशा टॅबमधील बरेचसे टायमर, म्हणजे ठरावीक वेळाने पानाची कामे सुरू करणारे गजर, मिनिटातून एकदाच चालतात.

क-१०५: पान खाली नेताना फोटो उशिरा येतात आणि वाचत असलेली ओळ एकदम खाली ढकलली जाते. पुन्हा पाठवत आहे.

ड-२०१: काकू, तुमची तक्रार मात्र रास्त आहे. पानावरील सर्व फोटोंना ‘लेझी लोडिंग’ लावले आहे, म्हणजे ते पडद्याजवळ आल्यावरच मागवले जातात. ४००० बाय ३००० पिक्सेलचा एक फोटो पूर्ण उलगडला की मेमरीत सुमारे ४८ एमबी जागा घेतो, त्यामुळे ही काटकसर योग्यच आहे. परंतु फोटोंची उंची-रुंदी पानात लिहिलेली नसल्याने ब्राउझरला आधी जागा राखून ठेवता येत नाही, आणि म्हणून ओळी उडतात. शिवाय अगदी वरच्या, लगेच दिसणाऱ्या फोटोलाही तेच लावल्याने तो विनाकारण उशिरा उमटतो.

सचिव: पान तयार होताना ताईंचे मत विचारले होते.

ड-२०१: ते रंगांबद्दल विचारले होते.

ब-३०४: म्हणजे समितीचा दोष निघालाच.

सचिव: फोटोंबाबत, आपल्या चित्रीकरणाबाबत नव्हे, कृपया दोन्ही एकत्र करू नयेत. हे दोन्ही बदल करून घेतो.

क-१०५: आभारी आहे. मात्र आमच्या विंगचे फोटो या वेळी तरी सर्वांत खाली ठेवू नयेत. तिथपर्यंत कोणी पोहोचलेच नाही, तर ब्राउझर ते मागवणारही नाही.