मदत हवी आहे: टेस्टोस्टेरॉन थेरपीसाठी डॉक्टर कसा निवडायचा?

मंडळी, नवऱ्यासाठी विचारतेय. वर्षभर नुसता थकवा, चिडचिड, जेवून उठला की सोफ्यावरच डोळा लागतो. सकाळी उपाशीपोटी टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) दोनदा तपासलं, दोन्ही वेळा कमीच आलं. एका ऑनलाइन क्लिनिकने तर पहिलाच रिपोर्ट बघून लगेच इंजेक्शन सुरू करू म्हटलं, ना एलएच-एफएसएच, ना प्रोलॅक्टिन (मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीच्या हार्मोन्सच्या रक्ततपासण्या), आणि आम्हाला अजून मूल हवंय की नाही हे विचारलंसुद्धा नाही, बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शुक्राणू कमी होतात, कधी बनायचेच थांबतात, एवढं तरी सांगायला नको का? मला धडकीच भरली. आता एंडोक्रिनोलॉजिस्ट (हार्मोन्सचा डॉक्टर) गाठावा की युरोलॉजिस्ट (मूत्रमार्ग आणि पुरुषांच्या प्रजनन अवयवांचा डॉक्टर)? हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) ५४ टक्क्यांवर गेलं की डोस थांबवणारा, पीएसएवर (प्रोस्टेट ग्रंथीसाठीच्या रक्ततपासणीवर) लक्ष ठेवणारा डॉक्टर ओळखायचा कसा? पहिल्या भेटीत तुम्ही काय काय विचारलंत, प्लीज सांगा.