शब्दचर्चा: स्पॅनिशमधलं 'गुस्तार' आणि आपलं 'आवडणे'

दोन महिन्यांपासून स्पॅनिश शिकतेय, अगदी ए१ म्हणजे सुरुवातीची पातळी. पुस्तक इंग्रजीतून आहे. त्यात 'गुस्तार' या क्रियापदावर चार पानं खर्च केली आहेत: हे 'उलटं' चालतं, कर्ता शेवटी येतो, घाबरू नका वगैरे. उदाहरण 'मे गुस्ता एल काफे'. वर्गात सगळे डोकं धरून बसले होते आणि मला कळेना यात उलटं काय आहे. 'मला कॉफी आवडते', संपलं! माझं काही चुकतंय का?
दुसरं म्हणजे, शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला मी कौतुकाने 'मे गुस्तास' म्हटलं, तर बाई हसत सुटल्या. का ते सांगितलं नाही.

—

ताई, काही चुकत नाहीये. इंग्रजीत आवडून घेणारा माणूस कर्ता असतो, म्हणून त्यांना चार पानं लागतात. मराठीत आवडणारी वस्तू कर्ता असते आणि माणूस 'ला' लावून बाजूला उभा राहतो. स्पॅनिशमध्येही तसंच. क्रियापद वस्तूच्या वचनाप्रमाणे बदलतं: 'मे गुस्ता एल मांगो', मला आंबा आवडतो, 'मे गुस्तान लोस मांगोस', मला आंबे आवडतात. आणखी गंमत बघा. 'मे गुस्ता कांतार इ बाइलार' यात क्रिया दोन असूनही 'गुस्ता' एकवचनीच राहतं. आपणही 'गायला आणि नाचायला आवडतं' म्हणतो, 'आवडतात' नाही.

हा एकच शब्द नाही, सगळं कुटुंबच असं आहे. 'मे पारेसे' म्हणजे मला वाटतं. 'मे फाल्तान दोस एउरोस' म्हणजे मला दोन युरो कमी पडतायत. इंग्रजी बाजूला ठेवून थेट मराठीतून विचार केलात तर निम्मं काम होतं.

पण आपले लोक पडतात ते दुसऱ्याच खड्ड्यात. 'आईला चहा आवडतो' याचं स्पॅनिश 'आ मि माद्रे ले गुस्ता एल ते'. तो 'ले' म्हणजे 'तिला'. म्हणजे 'आईला तिला चहा आवडतो'! आपल्या कानाला ते जास्तीचं वाटतं आणि आपण गाळतो. गाळू नका. दुसरी चूक म्हणजे 'मि गुस्ता'. आपलं 'मी' आडवं येतं. 'मि' म्हणजे माझा किंवा माझी. इथे 'मे'च हवं.

—

मुळाबद्दल थोडं. लॅटिन 'गुस्तारे' म्हणजे चाखणे. संस्कृतातला 'जुष्' (रुचणे, आनंद घेणे) हा धातू त्याचा दूरचा भाऊबंद. आणि ओळख झाल्यावर 'मुचो गुस्तो' म्हणतात, त्यातला 'गुस्तो' हाच.

—

बाई का हसल्या ते मी सांगते. 'तू मला आवडतेस' हे मराठीतही कोणी सहज म्हणत नाही, म्हटलं तर समोरच्याचे कान टवकारतात. 'मे गुस्तास'चा सूर तोच. माणूस म्हणून कोणी बरं वाटत असेल तर 'मे काएस बिएन' म्हणायचं. 'काएर' म्हणजे पडणे, म्हणजे शब्दशः 'तू मला चांगली पडतेस'. हेच क्रियापद जेवणालाही लागतं: 'मे कायो माल ला सेना', रात्रीचं जेवण बाधलं.

आणि 'ते किएरो' ऐकून दचकू नका. आई, भाऊ, मैत्रीण, सगळ्यांना म्हणतात. तेच 'किएरो' कॉफी मागतानाही: 'किएरो उन काफे'. 'ते आमो' मात्र जड आहे, ते जपून वापरायचं. आपल्याकडे आईला यातलं काहीच न म्हणता 'जेवलीस का?' विचारतात, त्यामुळे सुरुवातीला जीभ अडखळते.

—

वर 'काएर' आलंच आहे म्हणून माझा लाडका प्रयोग सांगतो. हातून पेला फुटला की स्पॅनिश माणूस 'मी पेला फोडला' म्हणत नाही. 'से मे रोम्पियो एल बासो', माझ्या हातून पेला फुटला. भात करपला तर 'से मे केमो एल आर्रोस', माझा भात करपला. दोष भाताचा, आपण फक्त जवळ उभे होतो! पुस्तकात हे फार उशिरा शिकवतात, पण मराठी माणसाला पहिल्या आठवड्यात जमावं असं मला वाटतं.

विसरण्याचंही तसंच. 'से मे ओल्बिदारोन लास याबेस', चाव्या विसरल्या माझ्या. चाव्या अनेक, म्हणून क्रियापद अनेकवचनी. 'याबे' आणि 'चावी' या दोघी एकाच लॅटिन शब्दाच्या लेकी. आपली पोर्तुगीजांच्या मार्फत आली, एवढंच.

—

एक उपप्रश्न: बाईंना विचारताना 'ते गुस्ता?' की 'ले गुस्ता?'

—

आदर दाखवायचा असेल तर 'ले'. 'ते' म्हणजे तुला, आणि 'ले' हे 'उस्तेद'चं, म्हणजे आदरार्थी 'तुम्ही'चं रूप. 'उस्तेद' हा शब्द 'बुएस्त्रा मेर्सेद' म्हणजे 'आपली कृपा' यावरून झिजून आला, म्हणून त्याला क्रियापद आणि सर्वनाम दोन्ही तृतीयपुरुषी लागतात. पण स्पेनमध्ये शिक्षकांना बऱ्याचदा सरळ 'तू' चालतं, आणि कोलंबियाच्या राजधानीत, बोगोतात, काही नवरा-बायको एकमेकांना 'उस्तेद' म्हणतात. त्यामुळे बाई कुठल्या देशाच्या आहेत ते आधी बघा.

—

सगळ्यांचे आभार. बाई कोलंबियात राहून आल्यात, तेव्हा 'ले'. चाव्यांचं वाक्य पाठ केलंय, पण सोमवारी त्यात थोडा बदल करून लागणार आहे: 'से मे ओल्बिदो ला तारेआ'. तारेआ म्हणजे गृहपाठ.