फौजी अधिकाऱ्याचं निलंबन: अधिकार कोणाचा, मुदत किती?

सह्यकडा
पुरोहितांच्या खटल्यावर लिहून लिहून लोक दमले, मला फक्त निलंबनाबद्दल बोलायचंय. मालेगावचा स्फोट २९ सप्टेंबर २००८ चा. लेफ्टनंट कर्नल पुरोहितांना त्या प्रकरणी अटक नोव्हेंबरात, लष्करानं निलंबित केलं ते जानेवारी २००९ मध्ये. जामीन ऑगस्ट २०१७. निर्दोष सुटका ३१ जुलै २०२५, आणि सप्टेंबरात कर्नलपदी बढती.

आता देहूरोडच्या लष्करी डेपोतला सिव्हिलियन कारकून घ्या. ४८ तासांहून जास्त कोठडीत राहिला की मानीव निलंबन, म्हणजे आपोआप झालंच असं धरलं जाणारं. पुढे ९० दिवसांच्या आत आढावा, वाढवायचं तर एका वेळी फार तर १८० दिवस. हे सगळं १९६५ च्या नागरी सेवा नियमांत लिहिलेलं आहे. ते नियम वर्दीवाल्याला लागू नाहीत. त्याचं निलंबन वरिष्ठांच्या मर्जीवर. असं का?

माजी_सुभेदार
मर्जी म्हणू नका साहेब, जबाबदारी म्हणा. कारकुनाच्या हातात फाइल असते, कंपनी कमांडरच्या हाताखाली शंभर-सव्वाशे पोरं आणि कोतभर (शस्त्रांच्या कोठारभर) रायफली. त्याच्यावर खुनाचं कलम लागलंय आणि सकाळी रोलकॉलला तोच समोर उभा, हे चालेल? आमच्यात आधी दुसऱ्या युनिटला अटॅच करतात. किटबॅग उचलायची, तिकडे जायचं, काम जवळजवळ नाहीच. निलंबन त्याच्या पुढची पायरी. कुठली पायरी कधी, ते युनिट बघणाऱ्यालाच कळतं.

कलमकसाई
सह्यकडा, त्या नागरी सेवा नियमांतला नियम १० अर्धाच वाचलात. आढाव्याच्या तरतुदीला खाली परंतुक, म्हणजे अपवादाची जोड, आहे: मानीव निलंबनातला माणूस कोठडीतच असेल तर आढाव्याची गरज नाही, ९० दिवस मोजायचे ते सुटकेपासून. म्हणजे पुरोहितांच्या जागी तुमचा देहूरोडचा कारकून असता, तर त्याचाही पहिला आढावा २०१७ च्या सुटकेनंतरच! दुखणं जामिनाचं आणि रेंगाळलेल्या खटल्याचं आहे, तुम्ही मलम निलंबनाला लावताय.

सह्यकडा
परंतुकाचं मान्य, चुकलो. पण मग सुटकेनंतरचं बोला. कारकुनाचे ९० दिवस तिथून तरी सुरू होतात. फौजेत निलंबन उठलं तरी डीव्ही बॅन (शिस्त आणि दक्षतेच्या कारणावरून बंदी) राहतो, म्हणजे वर्दी अंगावर आणि बढती कुलपात. तो किती वर्षं ठेवायचा, हे ज्याचं त्याला आधी कळायला नको?

आणि सुभेदारसाहेब, अटक ते निलंबन दोन महिने गेले. मर्जी दोन्हीकडे वळते. मर्जीतल्या माणसाला उद्या दोन वर्षंही निलंबित करणार नाहीत.

माजी_सुभेदार
हे मात्र खरं. पाहिलंय.

नदीकाठची
माझे काका तलाठी होते, चौदा महिने निलंबित. दर महिन्याला "मी अन्य नोकरी-धंदा करीत नाही" असं लिहून द्यायचं, तेव्हा कुठे निर्वाह भत्ता निघायचा. पोस्टकार्डाएवढा कागद, पण तो लिहिताना काका दार लोटून घ्यायचे. निलंबन म्हणजे शिक्षा नाही म्हणे! तेव्हा मुदत हवीच, कारकुनाला काय आणि कर्नलला काय. फक्त एक: मालेगावात सहा माणसं गेली, त्यांच्या घरच्यांचं अपील उच्च न्यायालयात गेलंय. इथे हळहळ एकाच बाजूची दिसतेय.

कलमकसाई
हळहळीचा धागा वेगळा काढा. मुदतीबद्दल म्हणाल, तर तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे चालवू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये अजयकुमार चौधरींच्या प्रकरणात म्हटलंय. गंमत म्हणजे तेही संरक्षण खात्यातलेच, लष्करी जमिनी सांभाळणाऱ्या डिफेन्स इस्टेट्सचे. पण सिव्हिलियन! फौजेत हे जसंच्या तसं आणायला माझा विरोधच. सीमेवरच्या ब्रिगेडमध्ये एक्क्याण्णवाव्या दिवशी आपोआप कमांड परत द्यायची?

सह्यकडा
कमांड कोण मागतंय? एक कागद द्या, त्यावर कारण आणि पुढची तारीख लिहा. बस.