रास्पबेरी पायवर माइनक्राफ्ट: झगडावं, की लुआंटी टाकून मोकळं व्हावं?

आडवाट:
सुट्टी लागली की ओळखीतले पालक हमखास विचारतात, "घरात रास्पबेरी पाय 4 (हातात मावणारा छोटा संगणक) पडून आहे, त्यावर माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांचा खेळ कसा टाकायचा?" माझं मत: जावा एडिशनच्या, म्हणजे संगणकावरच्या माइनक्राफ्टच्या, नादी लागू नका. लुआंटी (पूर्वीचा मिनटेस्ट) हा त्याच्यासारखाच ठोकळ्यांचा फुकट खेळ टाका.

फेब्रुवारी 2013 मध्ये मोजांगने, म्हणजे माइनक्राफ्ट बनवणाऱ्या कंपनीने, खास पायसाठी माइनक्राफ्टची आवृत्ती फुकट दिली होती. त्या वेळच्या पायच्या मॉडेल बीमध्ये 700 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि फार तर 512 एमबी मेमरी. खेळ म्हणून ती आवृत्ती तोकडीच होती. राक्षस नाहीत, भूक नाही, फक्त क्रिएटिव्ह मोड. पण तिला 4711 क्रमांकाचं एक पोर्ट (बाहेरच्या प्रोग्रॅमने आज्ञा पाठवायचं दार) होतं, आणि पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतून त्या पोर्टवर आज्ञा पाठवली की चालू खेळात ठोकळे उभे राहायचे. एका ओळीत अख्खी भिंत! टीएनटीचा, म्हणजे स्फोटकाचा, ठोकळा 46 क्रमांकाचा. त्यापुढे 1 लिहिला की हात लागताच तो पेटायचा. हे एकदा कळलं की फॉर लूप (तीच आज्ञा पुन्हापुन्हा चालवण्याची रीत) शिकवावा लागत नाही, मुलं स्वतःच विचारायला येतात. माझ्या लेखी पाय आणि माइनक्राफ्ट यांचं नातं ते होतं. ती आवृत्ती मात्र पॉकेट एडिशन (फोनवरचा माइनक्राफ्ट) 0.6.1 वरच थांबली, पुढे मोजांगने तिला हात लावला नाही.

आजच्या जावा एडिशनला पाय हे मुळात आपलं घर वाटत नाही. पायवर लिनक्स चालतं, पण लिनक्ससाठीचा अधिकृत लाँचर (खेळ उतरवून सुरू करणारा प्रोग्रॅम) फक्त इंटेल-एएमडी प्रोसेसरवर चालतो. म्हणून प्रिझमसारखा दुसरा लाँचर घ्यायचा. आवृत्ती 1.17 पासून खेळाला ओपनजीएल 3.2 (पडद्यावर चित्र काढण्याची प्रणाली) लागतं, पायची ग्राफिक्स चिप ते पूर्ण देत नाही. म्हणून ग्राफिक्सच्या ड्रायव्हरला ओपनजीएलच्या आवृत्तीचा आकडा वाढवून सांगायला लावायचा. एवढं करून हाती काय, तर अडखळत चालणारा खेळ. लुआंटी पॅकेज मॅनेजरमधून एका आज्ञेत येतो, फुकट आहे, खातं मागत नाही, आणि त्याचे मॉड (खेळात भर घालणारे छोटे प्रोग्रॅम) लुआ भाषेत उघडे असतात. मुलाने फाइल उघडावी, आकडा बदलावा, परिणाम बघावा.

रानजाई:
अजिबात सहमत नाही. मुलाने माइनक्राफ्ट मागितला आहे. लुआंटी दिलात तर पाच मिनिटांत ओळखतो आणि गप्प बसतो. तो ज्या खेळाचे व्हिडिओ बघतो, ज्यातल्या रेडस्टोनबद्दल (खेळातल्या सर्किटांबद्दल) शाळेत बोलतो, तो खेळ हवा असतो. "तुझ्यासाठी हेच चांगलं" म्हणून दुसरंच हातात ठेवायचं, हे मला मुलांवर अन्यायाचं वाटतं.

आणि इन्स्टॉल करण्याची झटापट तुम्ही वाया गेलेल्या वेळात का मोजता? माझ्या मुलीने त्या झटापटीतच शिकून घेतलं की ऑपरेटिंग सिस्टम 64 बिटची लागते, 1.18 ला जावा 17 चालतो पण 1.20.5 पासून जावा 21 लागतो, आणि खेळ बंद पडला तर लॉग फाइलमध्ये खालून वर वाचत जायचं. लूप कुठल्याही पुस्तकात मिळेल. बंद पडलेली गोष्ट चालू करण्याची चिकाटी पुस्तकात मिळत नाही.

राहिला वेग. खिडकी 720पी, ग्राफिक्स फास्ट, ढग बंद, रेंडर डिस्टन्स (किती दूरपर्यंतचं जग दिसावं) 4 ते 6. नवीनच आवृत्ती हवी असा हट्ट नसेल तर ऑप्टिफाइन (वेग वाढवणारा मॉड) घालून 1.12.2 टाका. पाय 4 वर नीट खेळता येतो.

पाणचक्की:
वादात पडत नाही, पण दोन्ही बाजूंनी हे आधी तपासा. निम्म्या तक्रारी चार्जरच्या असतात. पाय 4 ला 5.1 व्होल्ट, 3 अँपिअरचा पुरवठा लागतो. मोबाइलचा जुना चार्जर लावला की पडद्यावर विजेची खूण येते आणि प्रोसेसर स्वतःला आवरतो. दुसरी गोष्ट उष्णता. 80 अंशांच्या आसपास तो वेग कमी करायला लागतो. आमच्याकडे अकोल्यात मे महिन्यात खोलीच तापलेली असते, तिथे नुसता हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) पुरत नाही, पंखा लागतोच. सेटिंग नंतर बघा.

आडवाट:
रानजाईताई, चिकाटीचा मुद्दा मान्य. पण "मित्रांसारखाच खेळ" हा मुद्दा टिकत नाही. आपल्याकडची बहुतेक मुलं फोनवर खेळतात, म्हणजे बेडरॉक एडिशन. जावा आणि बेडरॉक थेट एकमेकांशी जोडले जात नाहीत. त्यातून तुम्ही 1.12.2 वर राहिलात, तर नव्या जावावाल्यांशीही जमणार नाही. पैसे भरून, खातं काढून, मूल शेवटी एकटंच खेळणार. आणि रेडस्टोनच हवा असेल तर लुआंटीवर व्हॉक्सेलिब्रे हा माइनक्राफ्टसारखा खेळ टाका, त्यात तशीच सर्किटं आहेत.

खारावारा:
तुम्ही दोघंही पायला पडदा जोडूनच विचार करताय. पायची अडचण ग्राफिक्सची आहे ना? मग ते काम त्याला देऊच नका. 4 जीबीचा पाय 4 घ्या, पडदा काढा, त्यावर पेपर नावाचा जावा एडिशनचा सर्व्हर चालवा, म्हणजे मुलं आपापल्या यंत्रावरून त्याच्या जगात येऊन खेळतील. सर्व्हरला चित्र काढावं लागत नाही, प्रोसेसर आणि मेमरी पुरे. त्यात गायझर आणि फ्लडगेट ही प्लगइन (जोडप्रोग्रॅम) टाकली की फोनवरची बेडरॉकवाली मुलंही त्याच जगात येतात. व्ह्यू डिस्टन्स 6 ठेवा. जग एसडी कार्डावर ठेवू नका, सतत लिहिण्याने कार्ड झिजतं. यूएसबीला एसएसडी लावा आणि रोज प्रत काढा. घरच्या वायफायपुरता ठेवलात तर बाहेरच्या अनोळखी माणसांची काळजीही नाही.

आडवाट, तुमच्यासाठी: 4711 वाली पायथनची सोय जावा सर्व्हरवर देणारं रास्पबेरीज्यूस नावाचं प्लगइन आहे. सर्व्हरची आवृत्ती मात्र त्याला जुळेल अशीच घ्यावी लागते.

रानजाई:
खारावारा, हे आवडलं. व्हाइटलिस्टमध्ये (सर्व्हरवर यायची परवानगी असलेल्यांच्या यादीत) कुणाला घ्यायचं हे मुलांनाच ठरवू देईन.

पण आडवाट, एक सांगते. घरी एकच पाय आणि जुना टीव्ही आहे, मुलाकडे स्वतःचा फोन नाही, लॅपटॉप नाही, अशा घराला सर्व्हर कशाला? तिथे खेळायचं यंत्रही तेच आहे. त्या मुलाला तुमचं उत्तर "दुसरा खेळ घे" आणि माझं उत्तर "जुनी आवृत्ती घे, पण तुझा खेळ घे".

आडवाट:
त्याच घराचा विचार करून मी लुआंटी म्हणतोय. जिथे एकच यंत्र आहे, तिथे खेळाचे पैसे आणि मायक्रोसॉफ्टचं खातं ही पहिलीच भिंत असते, आणि मूल लहान असेल तर त्या खात्याला पालकांची संमतीही लागते. लुआंटी त्या मुलाला आज संध्याकाळी खेळता येतो. पुढे पैसे जमले तर माइनक्राफ्ट घ्यावा, मी कुठे अडवतोय? फक्त तोवर त्याला थांबवून ठेवू नका.

रानजाई:
संध्याकाळी लुआंटी आणि पैसे जमल्यावर माइनक्राफ्ट, एवढं मान्य. पण मुलाला तसं सांगून द्या. "हाच माइनक्राफ्ट" म्हणून लुआंटी खपवू नका.