मूळचं कोण म्हणायचं?

आपल्या औरंगाबादबद्दल, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरबद्दल, "जुन्या पुऱ्यांत सगळे मूळचे, बाहेरचे आले ते एमआयडीसीनंतर" असं कुणीतरी लिहिलंय, ते काही पटलं नाही. अहो, १६१० साली हे शहर वसवलं तेच मुळी इथिओपियातून आलेल्या मलिक अंबरनं! करणपुरा, पदमपुरा या पुऱ्यांची, म्हणजे जुन्या वस्त्यांची, नावं बिकानेरच्या राजपूत सरदारांची, औरंगजेबाच्या फौजेतल्या.

आम्ही बेगमपुऱ्यात राहतो. मकाई दरवाजाच्या जुन्या वेशीत दोन गाड्या समोरासमोर आल्या की मागं कुणी घ्यायची यावरून रोज तमाशा. वरची खोली विद्यापीठातल्या पोरांना भाड्यानं दिलीय. एक हिंगोलीचा, एक बीडचा. सुट्टीहून परतले की पिशवीतून ज्वारीचं पीठ निघतं. बाकीची घरमालक मंडळी मात्र "बाहेरची पोरं" म्हणून नाकं मुरडतात, आणि डिपॉझिट तेवढं आधी मागतात.