बानाखतात (घर विक्रीच्या करारात) तारीख हवीच
घर विकणाऱ्याला दुसरं घर मिळेपर्यंत घेणाऱ्याने माणुसकी म्हणून थांबावं, असं म्हणतात, ते पटतं; पण ताब्याची शेवटची तारीख लिहून घ्याच. इथे बडोद्यात, दांडिया बाजारातलं घर घेताना आम्ही बानाखतात 'दुसरी जागा मिळाल्यावर ताबा' एवढंच लिहू दिलं. गुडघ्यांमुळे घर विकणाऱ्या काकूंना तळमजलाच हवा होता, त्यांचंही चूक नव्हतं. पण आठ महिने गेले, आमच्या कर्जाच्या मंजुरीची मुदत संपली, आणि भाडं चालूच.

नंतर वकिलांनी दाखवलं: १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे अनिश्चित घटनेवर बेतलेला करार ती घटना घडेपर्यंत अमलात आणता येत नाही. मुदत घातलेली असेल, तर कलम ३५ प्रमाणे ती घटना न घडता मुदत उलटली, की करार रद्द ठरतो. विसार किती दिवसांत परत मिळणार, तेही त्याच कागदावर हवं.